जिल्ह्यात मॉर्फिन किती दिले, एवढे विचारा

महाराष्ट्र राज्याचे माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री यांस,


आपल्या खात्याच्या आढावा बैठकीत पुष्कळ आकडे मांडले जातात. बाळंतपणे किती झाली, लसीकरण किती टक्के, डेंग्यूचे रुग्ण किती, शस्त्रक्रिया किती. त्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. गेल्या महिन्यात प्रत्येक जिल्ह्यातल्या, प्रत्येक तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांनी रुग्णांना मॉर्फिन किती दिले, हे त्या रकान्यात यावे. या एका आकड्याची किंमत काय आहे ते मला आमच्या घरात कळले, म्हणून आधी घरातले सांगते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, प्रोस्टेटचा कर्करोग आहे. तो हाडांत पसरला आहे. कंबरेच्या मणक्यांत आहे आणि उजव्या खुब्यात आहे. आमचे गाव तालुक्याचे, मुंबईपासून एसटीच्या रात्रभराच्या प्रवासावर. आजार बरा होणार नाही, हे मुंबईत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हांला शेजारी बसवून नीट सांगितले, आणि अण्णांनी ते आमच्यापेक्षा शांतपणे ऐकून घेतले. ते एसटीत वाहक होते. गर्दीच्या गाडीत उभ्याने तिकिटे फाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचे म्हणणे एकच होते, की आता घरी जायचे. डॉक्टरही म्हणाले, घरी न्या, जपा.

घरी नेले. जपायचे म्हणजे काय करायचे, ते मात्र कुणी शिकवले नव्हते. आपल्याकडची घरे चालत्याफिरत्या माणसासाठी बांधलेली असतात. आमच्या मधल्या खोलीला उंबरठा आहे, मोरीची पायरी खाली उतरते, संडास परसात आहे. ज्या माणसाच्या खुब्याचे हाड आतून पोखरले गेले आहे, त्याला वीतभर उंचीचा उंबरठासुद्धा धोक्याचा. पडले तर हाड मोडेल, आणि मोडले तर पुन्हा उभे राहणे कठीण, हे क्ष-किरणाची फिल्म दाखवून डॉक्टरांनी बजावले होते. मग आम्ही पलंग मोरीजवळच्या भिंतीला लावला. त्याच्या चारही पायांखाली विटा सारल्या, म्हणजे उठताना गुडघे फार वाकवायला नकोत. उंबरठ्यावर गावातल्या सुताराने फळीचा उतार करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. कमोडची खुर्ची ओळखीच्या एका घरातून आली. त्या घरातल्या आजी वारल्यानंतर ती माळ्यावर पडून होती.

हे सगळे जमले. दुखण्याचे काही जमेना.

हाडातले दुखणे ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगणे अवघड आहे. स्वस्थ पडून असताना ते आत ठणकत राहते, आणि कूस बदलायची म्हटली की कळ डोक्यात जाते. त्यामुळे माणूस हलायलाच भितो. हलला नाही की पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा व्हायला लागतात. शौचाला बसायचे नको म्हणून जेवण टाकतो. झोप नाही म्हणून चिडतो, चिडला म्हणून नंतर एकटाच रडतो. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदनाशमनाच्या सेवेचा, पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी याला 'एकूण वेदना' म्हटले होते. शरीराचे, मनाचे, पैशाचे आणि नात्याचे दुखणे त्यात एकमेकांत मिसळलेले असते. आमच्या घरात त्या काळात आई स्वयंपाकघरात बसून कानांवर पदर घ्यायची. अण्णांचा आवाज तिला ऐकवत नसे.

तालुक्याच्या दवाखान्यातून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मिळायचे, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मिळायच्या. चार-सहा तास जरा बरे, की पुन्हा तेच. ट्रॅमाडॉललाही मर्यादा आहे. ती ओलांडून डोस वाढवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी 1986 साली पायऱ्यांची पद्धत घालून दिली. साध्या गोळीने भागले नाही तर त्यापेक्षा बळकट, आणि त्यानेही भागले नाही तर मॉर्फिन. गोळी तोंडाने द्यायची आणि घड्याळाच्या काट्यावर द्यायची, दुखायला लागण्याची वाट पाहायची नाही. मॉर्फिन हे त्या संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या 1977 च्या पहिल्या यादीपासून आहे. आपल्या देशाच्या यादीतही आहे. यात नवे काही नाही आणि महागही काही नाही.

अण्णांना ती गोळी सुरू झाली ती एका सेवाभावी संस्थेच्या डॉक्टरांमुळे. त्यांच्याबरोबर एक परिचारिका घरी आल्या. त्यांनी आधी पलंगाखालच्या विटा हलवून पाहिल्या, मग बोलायला बसल्या. शून्य ते दहा या मापात दुखणे किती, असे त्यांनी अण्णांना विचारले. अण्णांना ते माप पटेना. ते म्हणाले, "बाई, आता बारा आणे आहे. रात्री सोळा आणे असतं." ताईंनी दहाचे माप सोडून दिले आणि वहीत आण्यांचाच रकाना आखला. ती दोनशे पानी वही अजून उशाशी असते. वेळ, गोळी, आणे, शौचाला झाली की नाही, झोप किती. गोळी दर चार तासांनी. रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. अधेमधे कळ आली तर जादा गोळी कधी द्यायची, तेही त्यांनी लिहून दिले. मॉर्फिनने पोट बांधते आणि ते आपोआप सुटत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सोबत. पहिले काही दिवस मळमळ होईल, गुंगी येईल, ती ओसरेल. माणूस हाका मारूनही जागा होईना, श्वास फार संथ झाला, तर ताबडतोब फोन करायचा. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही.

आठवडाभरात वहीतले आकडे बारावरून पाचावर आले, मग चारवर. चार आणे दुखणे अण्णांना चालते. चार आण्यांत ते दाढी करून घेतात, दारात खुर्ची टाकून बसतात, स्टँडवरून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती कुठल्या डेपोची असेल ते सांगतात. कुशीवर वळवता येते, म्हणून पाठीची जखम भरत आली. दुखणे आटोक्यात आल्याशिवाय हालचाल सुधारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. व्यायाम शिकवणारे कितीही चांगले असोत, कळ येत असताना कुणाला उभे करता येत नाही.

ताईंनी आणखी एक गोष्ट बजावली, ती मी मुद्दाम लिहिते, कारण ती कुणीच सांगत नाही. मणक्यात कर्करोग असलेल्या माणसाचे पाय अचानक लुळे वाटू लागले, बधिर झाले, लघवी अडली, किंवा पाठीची कळ एकाएकी वाढली, तर ती उद्यावर टाकायची गोष्ट नाही. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेले तर पाय वाचू शकतात. उशीर झाला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. खेड्यापाड्यांत किती जणांचे पाय "आजार वाढला" एवढ्या समजुतीवर गेले असतील, मंत्रिमहोदय, त्याची मोजदाद कुणाकडे आहे?

आता गोळीच्या वाटेविषयी.

पहिल्यांदा मिळालेल्या गोळ्या संपत आल्या तेव्हा मी चिठ्ठी घेऊन तालुक्यातल्या औषधांच्या दुकानांत फिरले. कुणाकडेच नव्हत्या. जिल्ह्याच्या गावी गेले. एका दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, परत केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे आम्ही ठेवत नाही. भानगड नको." आमच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत, अण्णांना बघायला ड्युटी संपल्यावर स्वतः घरी येतात. तेही म्हणाले, माझ्याकडे साठा असता तर आजच दिला असता. शेवटी माझा भाऊ रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो, सकाळी रांगेत उभा राहतो, गोळ्या घेतो आणि त्याच रात्री परत फिरतो. त्याची नोकरी कंत्राटी आहे, खाडा झाला की पगार कापला जातो. गाडी घाटात अडकली, संप झाला, पाऊस लागला, की आम्ही उरलेल्या गोळ्या मोजत बसतो.

दुकानदाराची भीती आकाशातून पडलेली नाही. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा तस्करी रोखण्यासाठी झाला, पण त्यातल्या कडक शिक्षांची आणि वेगवेगळ्या खात्यांच्या परवान्यांची धास्ती रुग्णालयांनी घेतली. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर कोसळला. डॉक्टरांच्या काही पिढ्या मॉर्फिनची चिठ्ठी कधीही न लिहिता शिकून बाहेर पडल्या. हे चूक आहे, असे केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे सरकारला सांगितले, आणि 2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. 2015 मध्ये नियम झाले. आता चार-पाच परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांनी एखाद्या संस्थेला मान्यता दिली की तिला मॉर्फिन ठेवता येते आणि देता येते. तिथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, नोंदी नीट हव्यात, कपाटाला कुलूप हवे.

म्हणजे दिल्लीने आपले काम केले आहे. राहिले आहे ते राज्याचे. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात येत नाही, वैद्यकीय शिक्षणही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळ एकच आहे, आणि उपजिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आपली आहेत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला ही मान्यता मिळावी आणि तिथला एक डॉक्टर, एक परिचारिका प्रशिक्षित असावी, एवढ्याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.

अफू कुठून आणायची असाही प्रश्न नाही. आपल्या खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला केंद्र सरकारचे कारखाने आहेत. आपण इतर देशांनाही अफू विकतो. हाडाच्या दुखण्याने रात्र काढणाऱ्या आपल्याच माणसाला मात्र त्यापासून बनलेली गोळी तालुक्याला मिळत नाही. हे मला लाजिरवाणे वाटते, आणि आपल्यालाही वाटावे अशी माझी अपेक्षा आहे.

व्यसनाची भीती मी घरातच पाहिली. आत्या म्हणाली, "शेवटच्या दिवसांत माणसाला अफूला का लावता?" तिला दोष देत नाही. पण डॉक्टरांनी बेतून दिलेला डोस घेणाऱ्या रुग्णाला व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. गोळी वेळेवर मिळाली की तो ती विसरून इतर गोष्टी करतो. अण्णा आता गोळीबद्दल बोलत नाहीत. गोळी मिळत नव्हती तेव्हा दिवसभर तीच बोलणी होती. ही समजूत गावोगाव घालायला आपल्याकडे आशाताई आहेत. क्षयाच्या गोळ्यांबद्दलची भीती त्यांनी घालवली, हीही घालवतील. त्यांना त्यासाठी शिकवा आणि त्या कामाचा मोबदला द्या. फुकटची जबाबदारी त्यांच्या अंगावर आणखी एक नको.

महाराष्ट्राला हे विषय नवे नाहीत. देशातले पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्याला सुरू झाले. केरळने 2008 साली पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले, आणि त्यानंतर 2012 मध्ये आपल्या राज्यानेही आणले. बार्शीला तर 1987 पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. घरोघर जाऊन, गावच्या माणसांना विचारून ती नोंद झाली, याचा मला अभिमान वाटतो. पण नोंदीत कर्करोग झालेले येतात आणि मेलेले येतात. निदान आणि मृत्यू यांच्या मधले महिने, ती वर्षे, कुठल्याच कागदावर येत नाहीत. तेवढा काळ माणूस कुठे होता? घरी होता, अंथरुणावर होता, आणि दुखत होते.

केरळने धोरण कागदावर ठेवले नाही. तिथे पंचायतीच्या पैशांतून परिचारिका गाडी घेऊन घरोघर जातात. जखम बांधतात, लघवीची नळी बदलतात, गोळ्यांचा हिशेब बघतात, घरच्यांना कूस कशी बदलायची ते दाखवतात. शेजारपाजारची माणसे त्यात स्वयंसेवक म्हणून उतरलेली आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायती आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आणि त्यांनी द्यायच्या सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअरचा उल्लेखही आहे. यादीत आहे म्हणून ती आमच्या दारात येत नाही. आठवड्यातून एकदा प्रशिक्षित परिचारिका दारात आली असती, तर भावाचे निम्मे खाडे वाचले असते.

खर्चाचेही बोलते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अण्णांच्या उपचारांचा मोठा भार उचलला, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण रुग्ण घरी आला की खर्च संपत नाही. हवेची गादी, वॉकर, डायपर, ड्रेसिंगचे सामान, शहरात किरणोपचाराला न्यायची गाडी, सगळे पदरचे. हाडाच्या दुखण्यावर किरणोपचार बऱ्याच जणांना एकाच बैठकीत आराम देतो; पण त्या एका बैठकीसाठी पोखरलेल्या खुब्याच्या माणसाला झोपवून न्यायची गाडी मिळणे हीच मोठी कसोटी. 108 ची रुग्णवाहिका आणीबाणीची, तिला यासाठी अडवणे मलाही योग्य वाटत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात वापरलेल्या सामानाची एक खोली असावी. कमोडच्या खुर्च्या, गाद्या, चाकाच्या खुर्च्या तिथून उसन्या न्याव्या आणि काम झाले की धुऊन परत द्याव्या. माळ्यांवर पडलेले सामान लोक आनंदाने आणून देतील. गणेश मंडळांना सांगून पाहा.

आणि घरात हे करते कोण, तेही आपण बघावे. बहुतेक घरांत सून, मुलगी, बायको. माझ्या आईचे स्वतःचे गुडघे गेलेले आहेत आणि ती रात्री अण्णांना वर सरकवायला उठते. अंथरलेल्या चादरीची दोन टोके तिने धरायची, दोन मी, आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोघींनी एकदम ओढायचे. बगलेत हात घालून ओढले तर खांदा निखळतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते, हे आम्हांला ताईंनी शिकवले, नाहीतर एव्हाना आईही पडली असती. दवाखान्यातून घरी सोडताना प्रत्येक कुटुंबाला अर्धा तास हे करून दाखवायला काय लागते? एक खाट, एक चादर आणि शिकवायला वेळ असलेली परिचारिका.

मी सगळ्या मागण्या एकदम लिहून गेले, कारण घरात त्या एकदमच येतात. पण आपल्या हातून पहिली एकच गोष्ट व्हावी असे मला वाटते आणि ती मी सुरुवातीलाच सांगितली. येत्या आढावा बैठकीत प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारा: तुमच्या जिल्ह्यात गेल्या महिन्यात मॉर्फिन किती ग्रॅम दिले, किती रुग्णांना दिले, आणि कुठकुठल्या तालुक्यांत दिले? ज्या तालुक्याचे उत्तर शून्य येईल, तिथे कर्करोग नाही असे होणार नाही. तिथली माणसे दुखणे सोसत पडली आहेत, एवढाच त्या शून्याचा अर्थ. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारा. मंत्री जे विचारतात ते खाते मोजते, आणि जे मोजले जाते त्याची तरतूद होते, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही विचारा.

जगात ज्यांना अशा सेवेची गरज आहे त्यांच्यातल्या जेमतेम 14 टक्के लोकांना ती मिळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या अण्णांना ती मिळाली, एका संस्थेमुळे आणि भावाच्या रात्रीच्या प्रवासामुळे. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक बाई स्तनाच्या कर्करोगाने अंथरुणावर आहेत. त्यांना मुंबईला पाठवायला मुलगा नाही. त्यांच्यासाठी गोळी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात यायला हवी, आणि ती आणणे आपल्या हातात आहे. लवकर आणा.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक मुलगी